गणपती झाल्यावर जा, मोहोराआधी ये

माझी धाकटी जाऊ आणि भावोजी यंदा पहिल्यांदाच लेकीकडे पिट्सबर्गला निघाले आहेत. ‘काय काय लक्षात ठेवू ते सांगा,’ असे तिने विचारले. तोंडी सांगितलेले विमानात बसेपर्यंत निम्मे विसरते, म्हणून लिहूनच काढले. जामसंड्यातून कोणी ना कोणी मुलांकडे जातच असते, त्यांनाही उपयोग होईल. यातले बरेचसे माझे नाही. आमच्या थोरल्या वन्सांचा मुलगा कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकायला गेला आणि तिथलाच झाला. त्यांनी मला सांगितले, मी पुढे सांगते.

आधी जायचे कधी ते. मुले म्हणणार, मे-जूनमध्ये या, नातवंडांना सुट्टी असते. ऐकू नकोस. मे महिन्यात आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या. मग पावसात कलमांना खत, पुढे मोहोरासाठी कल्टार, आणि त्यानंतर गणपती. गणपती सोडून कोकणातला माणूस कुठे जातो का? अनंत चतुर्दशी झाली की मात्र बागायतदाराच्या हातात दोनेक महिने मोकळे मिळतात. भातकापणी तेवढी मध्ये येते, ती आमच्यावर सोपव. मोहोर फुटायच्या सुमाराला फवारणीसाठी भावोजी बागेत हवेत, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत परत यायचे. गंमत अशी की पिट्सबर्गचे सगळ्यात देखणे दिवस नेमके याच फटीत बसतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत झाडे पेटल्यासारखी रंगतात. दुपारी सोळा-सतरा अंश, रात्री पाच-सहा. आपल्या हाडांना सोसेल एवढीच थंडी. वन्सं एकदा जानेवारीत गेल्या होत्या आणि खिडकीतून बर्फ बघून आल्या.

निघण्याआधी दिर्बादेवीला नारळ ठेवशीलच, ते मी सांगायला नको. सामानाचे मात्र सांगते. तांदूळ नेऊ नकोस, कितीही सुवासिक असला तरी. आपल्याकडच्या धान्यातल्या खापरा किड्याची त्या लोकांना भीती आहे. म्हणून बॅगेतून तांदूळ नेता येत नाही, आणि सुके चणे, जिरे, धणे अशी सबंध बीही मागेच ठेवलेली बरी. कढीपत्ता तर अजिबात नको. तो लिंबाच्या कुळातला, त्याच्यावरून त्यांच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना लागणारी कीड जाते. तिरफळेही त्याच कुळातली. तेव्हा मालवणी मसाला दळलेला ने, तिरफळाची चव त्यात येतेच. हापूस २००७पासून अमेरिकेत जातो, पण विकिरण केलेला आणि व्यापाऱ्याच्या पेटीतून, आपल्या पिशवीतून नव्हे. शरदात आंबा नसतोच, म्हणून तो मोह नाही. आंब्याची साठे, मालवणी खाजे आणि चकल्या खुशाल घे, सगळे बंद पाकिटात. कस्टमच्या माणसाने ‘खायचे काही आहे का’ असे विचारले की ‘हो’ म्हणायचे आणि बॅग दाखवायची. सांगितलेली वस्तू नको असेल तर काढून घेतात आणि सोडतात. लपवलेली सापडली तर दंड बसतो. नारळ नेण्याचा विचार मनातही आणू नकोस, खवलेले गोठवलेले खोबरे तिथल्या देशी दुकानात मिळते. सोलकढीपुरते ते पुष्कळ आहे.

मुंबईहून पिट्सबर्गला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावे लागते. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाय लागेल तिथे आपल्या बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पलीकडे पुन्हा द्यायच्या. मुंबईत बॅगेवर ‘पिट्सबर्ग’ची चिठ्ठी लावलेली असली तरीही. हे कोणी सांगत नाही आणि मग बॅगा एकीकडे, माणसे दुसरीकडे. तिथला अधिकारी विचारेल, किती दिवस राहणार? परतीची तारीख सांगायची, लेकीचा पत्ता कागदावर लिहिलेला दाखवायचा, विचारले तेवढेच बोलायचे. तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस, म्हणून सांगते. आणि व्हीलचेअर मागू नका. हल्ली आपली धडधाकट माणसेसुद्धा रांग चुकवायला खुर्चीत बसून जातात, आणि खरोखर पाय चालत नसलेली म्हातारी खुर्चीची वाट बघत बसते.

औषधे मुक्कामाला पुरून पंधरा दिवसांची उरतील इतकी, हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव हवे, कंपनीचे नाव तिथे कोणी ओळखत नाही. विमा काढल्याशिवाय निघायचे नाही. जुनी दुखणी त्यात धरली आहेत की नाहीत, ते लेकीला नीट वाचायला लाव.

आता शहर. विमानतळावरून घरी जाताना भावोजींना पुढच्या सीटवर बसव, आणि जावयांना सांग की फोर्ट पिटच्या बोगद्यातून न्या. डोंगराच्या पोटात किलोमीटरभर पिवळे दिवे, बाकी काही नाही. बोगदा संपतो तो थेट पुलावर. एका श्वासात समोर नद्या, उंच इमारती आणि पिवळे पूल. हळूहळू दिसणे असा प्रकारच नाही. शक्यतो उजेडात उतरणारे विमान घ्या, एवढ्यासाठीच.

नद्या तीन आहेत, आणि त्या समजल्या की शहर समजले. दक्षिणेकडून मोनोंगाहेला येते. ती उत्तरेकडे वाहते. ईशान्येकडून ॲलेगेनी येते. दोघी जिथे मिळतात त्या टोकाला तिथले लोक नुसते ‘पॉइंट’ म्हणतात. पुढे तिसरी, ओहायो. ती तिथूनच सुरू होते आणि ९८१ मैल जाऊन मिसिसिपीला मिळते. संगमावर उभे राहिले की बऱ्याचदा दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. मोनोंगाहेला गढूळ, ॲलेगेनी जरा निवळ. आपल्याला पाण्याजवळ गेले की आधी भरती आहे की ओहोटी ते बघायची सवय. तिथे ती नाही. समुद्र फार लांब, आणि खाली ओहायोवर एम्सवर्थचा बांध पाणी अडवून पातळी राखतो. म्हणून तर कोळशाने भरलेले बार्ज वर्षभर चालतात. एकाला एक बांधलेले आणि मागून एकच बोट त्यांना ढकलते आहे. भावोजींना एका जागी तासभर बसवायचे असेल तर हे दाखव.

वाट चुकण्याची भीती वाटते ना? मग वन्सांचा मंत्र ऐक. ॲलेगेनी किंवा मोनोंगाहेलाच्या काठावर असशील तर पाणी जाते तिकडे चालत राहा, पॉइंटला पोचशील. पाणी संथ असते, कुठे जाते ते चटकन कळत नाही. पण ऑक्टोबरात त्यावर पाने तरंगत असतात. वारा पडला असेल तेव्हा एका पानावर नजर ठेव, दिशा कळते. मोबाइलची बॅटरी संपली तरी हे संपत नाही.

पॉइंटला बाग आहे, मोठे कारंजे आहे. खरी बघायची गोष्ट मात्र लहानशी आहे. १७६४ सालची विटांची चौकी, फोर्ट पिट किल्ल्यातली एवढीच काय ती उरलेली. त्याआधी त्याच जागी फ्रेंचांचा किल्ला होता. पाण्याच्या तोंडावर जो बसतो त्याच्या हातात आतला सगळा व्यापार, हे वाघोटण खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग बघत वाढलेल्या माणसाला कोणी समजावून द्यायला नको. तिथल्या पाट्यांवर फार लिहिलेले असते, सगळे वाचत बसू नका.

आता मुख्य सांगते. मुले दिवसभर कामाला जातात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कौतुक असते, मग आपण सोफ्यावर, टीव्हीसमोर, शनिवारची वाट बघत. शनिवार उजाडला की मुलांना घरकाम आणि किराणा. मी तिथे गेले होते तेव्हा कंटाळून घरी फोन केला, तर वन्सं म्हणाल्या होत्या, ‘थंय जावन घरातच बसान ऱ्हवतलंस, तर हंयसर काय वायट होता?’ तेव्हा तिसऱ्या दिवसापासून दोघांनी रोज घराबाहेर पडायचे. लेकीचे घर स्क्विरल हिलला आहे, म्हणजे नशीब चांगले. तिथे फुटपाथ आहेत, दुकाने आहेत, बस आहे. मनरोव्हिल किंवा क्रॅनबेरीसारख्या उपनगरात गाडीशिवाय पान हलत नाही. पहिल्या शनिवारी लेकीबरोबर एकदा बसने जाऊन यायचे, थांबे कागदावर मराठीत लिहून घ्यायचे, आणि सोमवारी एकट्याने निघायचे.

बसने आधी ओकलंडला उतरा. बेचाळीस मजली विद्यापीठ आहे, त्याला ‘कॅथीड्रल ऑफ लर्निंग’ म्हणतात. आत वेगवेगळ्या देशांच्या नावाने वर्गखोल्या सजवलेल्या आहेत. आपली खोली नालंदाच्या धर्तीवर आहे. मला ती आवडली, पण चेकोस्लोव्हाकियाची अधिक आवडली, खोटे कशाला बोलू. जवळच फिप्सचे काचघर आहे, १८९३ सालचे. शरदात तिथे शेवंतीचे प्रदर्शन भरते. ताटाएवढी एकेक शेवंती. बाहेर कुडकुडत असताना आत केळी आणि ताडमाड बघून भावोजींना बरे वाटेल, थोडा वेळ तरी.

गावाच्या मध्यभागी ‘टी’ नावाची छोटी आगगाडी आहे. मधल्या भागात आणि नदीपलीकडच्या नॉर्थ शोअरपर्यंत ती फुकट. २०१२पासून ती ॲलेगेनीच्या तळाखालून जाते. नदीखालून जाणारी गाडी आणि तिकीट नाही, हे ऐकून भावोजी परतीलाही तिनेच येतील. नको. जाताना गाडी, येताना पूल. सारख्या दिसणाऱ्या तीन पिवळ्या पुलांना तिथे ‘थ्री सिस्टर्स’ म्हणतात. त्यातल्या कुठल्याही एकावरून चालत यायचे. शहरात असे लहानमोठे ४४६ पूल असल्याचे तिथे सांगतात. मधोमध थांबलात तरी कोणी काही म्हणत नाही.

ड्यूकेन इन्क्लाइन चुकवू नका. डोंगरावर सरळ चढणारा लाकडी डबा, १८७७पासून चालू. पलीकडे मोनोंगाहेला इन्क्लाइन त्याहून सात वर्षांनी जुना. वर माउंट वॉशिंग्टन. पूर्वी त्याला ‘कोल हिल’ म्हणत, कारण त्याच्या पोटातून कोळसा निघायचा. कामगार वर राहायचे आणि गिरण्या खाली, म्हणून हे डबे. मावळतीच्या तासभर आधी वर जा, उजेडातले शहर आणि दिव्यांतले शहर दोन्ही एका फेरीत दिसतात. शनिवार-रविवार टाळा. आणि वर वारा बोचरा असतो, कानटोपी घ्या. साडीवर बूट आणि कानटोपी कशी दिसेल याचा विचार करू नकोस, तिथे तुला कोण ओळखते?

डोंगराळ गाव, त्यामुळे पायऱ्यांचे सार्वजनिक रस्ते आहेत, आठशेच्या घरात. अगदी आपल्या पाखाड्या. काहींना तर रस्त्याचे नाव आणि पाटीसुद्धा आहे. उत्साहात चढाल, पण पाऊस पडून गेलेला असेल तर नको. मेपल-ओकची ओली पाने पायरीवर चिकटून बसतात आणि त्यावरून पाय असा सरकतो की कठडा धरायलाही वेळ मिळत नाही. चपला घरात. बाहेर खाचेदार तळाचे बूट, आणि ते इथूनच महिनाभर वापरून मऊ केलेले.

झाडांबद्दल एवढेच सांगते की रंगांसाठी दूर जायला हवे असे नाही. पाने हिरवी ठेवणारे द्रव्य थंडीच्या चाहुलीने विरते, मग खालचा पिवळा दिसू लागतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि त्याला दिवसा ऊन व रात्री गारवा लागतो. हे शहर ढगाळ, म्हणून ऊन पडले की हातातले काम टाकून बाहेर पडायचे, कपडे धुणे उद्या. एक दिवस मात्र लेकीला रजा काढायला लावा आणि फॉलिंगवॉटरला जा. धबधब्यावर बांधलेले घर आहे, फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाचे, युनेस्कोच्या यादीत आहे. शंभरेक किलोमीटर. तिथपर्यंतचा रस्ताच रंगीत असतो. तिकिटे फार आधी संपतात, तेव्हा ती इथे असतानाच काढायला सांग.

भावोजींच्या दम्याचे विसरू नकोस. पोलादाचे हे गाव आता स्वच्छ झाले असले, तरी मोनोंगाहेलाच्या वरच्या अंगाला क्लेअरटनला कोकच्या भट्ट्या आणि ब्रॅडॉकला १८७५चा पोलाद कारखाना अजून चालू आहेत. शरदात रात्री थंड हवा दरीत बसते, वर उबदार थर, आणि धूर मध्येच कोंडतो. काही सकाळी नासक्या अंड्यासारखा वास येतो. त्या दिवशी सकाळचे फिरणे बंद, दहानंतर बाहेर. तोवर नदीवरचे धुकेही उठलेले असते.

मासे. स्ट्रिप भागात होली नावाचे मासळीचे जुने दुकान आहे, १९१२चे. जा, बघा, पण बांगडा-सुरमईच्या आशेने जाऊ नका. गोड्या पाण्याच्या कॅटफिशला चिखलाचा वास येतो, आमसुले घालूनही जात नाही. सालमन ओल्या खोबऱ्याच्या वाटणात चांगला लागतो, तिखट जरा जास्त घालावे. नदीकाठी गळ टाकून बसलेली माणसे बघून भावोजींचे हात शिवशिवतील. परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही, आणि त्या नद्यांतला मासा किती खावा याबद्दल सरकारच्याच सूचना आहेत. बघावे आणि यावे.

स्वयंपाक करताना आधी पंखा, मग फोडणी. घरे लाकडाची, छताला धुराची घंटा. सुकी मासळी भाजायचा बेत असेल तर तो लेकीच्या शेजाऱ्यांचा विचार करून रद्दच कर. मिरची परततानाही सगळ्यांचे कोट कपाटात आणि कपाटाचे दार बंद, नाहीतर नातवाच्या शाळेपर्यंत वास जातो. खोबरेल तेल चोवीस अंशाखाली थिजते, म्हणून रुंद तोंडाच्या बरणीत ने. अरुंद बाटलीतून सकाळी काडीने काढत बसावे लागते. ते लागेल मात्र भरपूर. घरातल्या गरम हवेने टाचा आणि ओठ फुटतात.

ऑक्टोबर लागला की दारोदार भोपळे मांडतात. तेवढे भोपळे बघून तुला घारगे सुचतील. दारात ठेवायचा तो मोठा भोपळा पाणचट असतो, घारगे नीट होत नाहीत. ‘पाय पम्पकिन’ म्हणून लहान मिळतो तो घे, नाहीतर बटरनट. महिन्याच्या शेवटी हॅलोवीन. सोंगे घेतलेली मुले संध्याकाळी दारात येतात. त्यांना वेष्टनातल्या गोळ्या-चॉकलेटच द्यायचे. आपले लाडू कितीही चांगले असले तरी त्यांचे आईबाप फेकून देतात, उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

दिवाळी तिथेच होईल. पेनसिल्व्हेनियाने २०२४मध्ये कायदा करून दिवाळीला राज्याच्या सणांत धरले, पण म्हणून शाळा-कचेऱ्या बंद राहतीलच असे नाही. नरकचतुर्दशीला फोडायला कारीट मिळणार नाही, आणि इथून नेऊही नकोस. अभ्यंगस्नान, पाच प्रकारचे पोहे, तुळशीपुढे पणती एवढे होते. पणती लाकडी कठड्यापासून लांब. पेन हिल्सला टेकडीवर वेंकटेश्वराचे देऊळ आहे, १९७७मध्ये प्रतिष्ठा झालेले, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या देवळांपैकी. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी जा, दर्शन शांत होते आणि खाली चिंचभात, दहीभात मिळतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे सगळ्यांची घड्याळे तासभर मागे जातात. त्याआधी तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा जामसंड्यात संध्याकाळचे साडेपाच, त्यानंतर साडेसहा. फोन करताना हिशेब ठेव. मी दिवेलागणीला देवाजवळ असते. त्या रविवारनंतर तिथे पाचच्या सुमाराला अंधारते, तेव्हा फिरणे दुपारी उरकून घ्यायचे.

परतीचे तिकीट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातले काढा. चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. त्या आठवड्यात सगळी अमेरिका घरी जायला निघते, विमानतळ तुडुंब आणि भाडे दुप्पट. लेक म्हणेल, सुट्टी आहे, तेवढी राहून जा. तिला सांग, फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकला आहे, तो आणायला भावोजीच लागतात.